इंग्रजी वाक्यात कोण कुणाचं? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायरीपायरीने

"वी सेंट द रेझिन्स टू द बायर इन फिफ्टीन-किलो बॉक्सेस." तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याच्या कुठल्याही ऑफिसात असं वाक्य सापडेल. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, कॉम्प्युटरने खाली लाल रेघसुद्धा मारलेली नाही. तरी वाचणारा क्षणभर अडखळतो, कारण वाक्याप्रमाणे बॉक्समध्ये बेदाणा नसून गिऱ्हाईक भरलंय. मराठीत हा घोळ होत नाही. 'बॉक्समधून पाठवला' म्हटलं की ते पाठवण्याबद्दल, आणि 'बॉक्समधलं गिऱ्हाईक' म्हटलं की ते गिऱ्हाइकाबद्दल. 'मधून' आणि 'मधलं' यांनी नातं पक्कं केलेलं असतं, मग शब्द वाक्यात कुठेही फिरवा. इंग्रजीचा 'इन' दोन्हीकडे चालतो. तो कुणाचा, हे फक्त तो कुठे बसलाय यावरून ठरतं.

मी सांगलीत व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रं, विम्याचे क्लेम, टेंडरचे कागद लिहून आणि तपासून देतो. संध्याकाळी अभ्यासिकेतली पोरं 'स्पॉटिंग एरर'चे प्रश्न घेऊन येतात. वय वेगळं, काम वेगळं, पण चुका होतात त्या ह्याच दोन जागी. एक म्हणजे माहिती देणारा तुकडा भलत्या शब्दाशेजारी बसतो. त्याला व्याकरणात मिसप्लेस्ड मॉडिफायर म्हणतात. दुसरी म्हणजे 'ही', 'इट', 'धिस' असं सर्वनाम येतं आणि ते कुणाबद्दल, हे कळत नाही. ज्या नामाबद्दल ते असायला हवं त्याला अँटिसिडंट म्हणतात. नावं परीक्षेपुरती लक्षात ठेवा. पत्र लिहिणाऱ्याला त्यांची गरज नाही.

मराठी प्रत्ययाने, लिंगाने आणि 'च'ने नाती सांगते. इंग्रजी बहुतेक नाती जागेने सांगते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

लागणारं साहित्य

- मसुद्याची छापलेली प्रत, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. स्क्रीनवर या चुका दिसत नाहीत, कारण डोळा आपल्याला काय म्हणायचंय तेच वाचतो.
- दोन रंगांची पेनं. एक बाण काढायला, दुसरं सर्वनामांना गोल करायला.
- प्रकरण ठाऊक नसलेला एक वाचक. शेजारच्या दुकानातला चालेल, बहीण चालेल. ज्याच्यासोबत बसून पत्र लिहिलं तो मात्र चालणार नाही.
- महत्त्वाच्या पत्राला मूळ मराठी मसुदा. थेट इंग्रजीत लिहिलंत तरी प्रत्येक वाक्याचं मराठी बाजूला असू द्या, पुढे लागेल.

भाषांतराचं ॲप या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. 'त्यांनी सांगितलं' एवढंच दिलं तर ते कधी 'ही' करेल, कधी 'दे', आणि दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने. मसुदा करायला खुशाल वापरा, तपासायला नको.

1. आधी कर्ता आणि क्रियापद पकडा

प्रत्येक वाक्यात मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्याखाली रेघ मारा. एवढंच. ही पायरी गाळली की पुढचे बाण कुठे न्यायचे ते कळत नाही. कर्ता शोधायलाच वेळ लागत असेल तर वाक्य लांब झालंय. तोडा आणि मग पुढे जा.

2. उरलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारा, तू कुणाचा?

'विथ', 'इन', 'फॉर', 'ऑन', 'फ्रॉम' यांनी सुरू होणारा प्रत्येक तुकडा घ्या आणि तो ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्याकडे बाण काढा. बाण शेजारच्या शब्दाकडे गेला तर ठीक. मध्ये दुसरं नाम ओलांडून गेला तर तुकडा उचलून मालकाशेजारी ठेवा.

विश्रामबागेत कॉलेजच्या मुलींना खोल्या देणाऱ्यांच्या जाहिरातीत घडू शकेल असं उदाहरण: "अ रूम फॉर अ कॉलेज गर्ल विथ अटॅच्ड बाथरूम." 'विथ अटॅच्ड बाथरूम'चा बाण खोलीकडे जायला हवा, पण वाटेत मुलगी येते. दुरुस्ती फक्त जागेची: "अ रूम विथ अटॅच्ड बाथरूम फॉर अ कॉलेज गर्ल." एकही शब्द बदललेला नाही.

यादीच्या शेवटी आलेल्या तुकड्याकडे जास्त लक्ष द्या. "वी सप्लाय रेझिन्स, टर्मरिक अँड जॅगरी फ्रॉम सांगली." यात सांगलीचा फक्त गूळ, की तिन्ही माल? गप्पांत कुणी विचारणार नाही, करारात विचारतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2016 मध्ये लॉकहार्ट खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. कायद्यात लैंगिक गुन्ह्यांच्या तीन प्रकारांची यादी होती आणि तिच्या शेवटी अल्पवयीन किंवा पाल्य व्यक्तीबद्दलचा एक तुकडा. तो तुकडा तिन्ही प्रकारांना लागू, की शेवटच्या एकालाच, यावर आरोपीची किमान 10 वर्षांची शिक्षा अवलंबून होती. न्यायालयाने 6 विरुद्ध 2 मतांनी शेवटच्या एकालाच म्हटलं. न्यायमूर्तींमध्येही एकमत होत नसेल, तर आपल्या करारात ही शंकाच ठेवू नये. तिन्ही माल सांगलीचा असेल तर 'फ्रॉम सांगली' यादीच्या आधी आणा: "फ्रॉम सांगली वी सप्लाय रेझिन्स, टर्मरिक अँड जॅगरी." कानाला थोडं जड लागेल, पण करार कानासाठी नसतो.

3. वाक्य 'आयएनजी'ने सुरू होत असेल तर थांबा

मराठी माध्यमातल्यांची सगळ्यात जास्त पडझड इथे होते, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

"घाट उतरताना ट्रकचे ब्रेक निकामी झाले." वर्तमानपत्रात रोज छापता येईल असं हे वाक्य आहे. खंबाटकी असो की कुंभार्ली, घाट कोण उतरत होतं, हे कुणी विचारत नाही. 'ताना'ला स्वतःचा न बोललेला कर्ता चालतो. तो मुख्य वाक्याचाच कर्ता असला पाहिजे, असं बंधन मराठीने घातलेलं नाही.

आता हेच इंग्रजीत, शब्दाला शब्द: "कमिंग डाउन द घाट, द ब्रेक्स फेल्ड." इंग्रजीचा नियम असा की सुरुवातीच्या 'आयएनजी'ची क्रिया स्वल्पविरामानंतर लगेच येणाऱ्या नामाने केलेली असते. म्हणजे घाट ब्रेक उतरत होते. ट्रक वरच राहिला असावा. कर्ता नसलेल्या अशा लोंबत्या तुकड्याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात.

यावर एक खात्रीचा उपाय आहे. वाक्याच्या सुरुवातीचा 'आयएनजी' म्हणजे आपला 'ताना' नव्हे, आपला 'ऊन' समजा. 'जेवून तो झोपला' म्हटलं की जेवणारा आणि झोपणारा एकच. आता तपासा: "घाट उतरून ब्रेक निकामी झाले." ऐकल्याबरोबर खटकलं ना? मग इंग्रजी वाक्यही चुकलंय. 'पाऊस पडून चिखल झाला' असे 'ऊन'चे अपवाद मराठीत आहेत, पण तिथे पाऊस हा कर्ता उघड लिहिलेला असतो. इंग्रजीतही तशी सूट आहे: "द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट." कर्ता उघड, म्हणून वाक्य शुद्ध.

दुरुस्तीचे रस्ते दोन. एक, स्वल्पविरामानंतर खरा करणारा आणा: "कमिंग डाउन द घाट, द ड्रायव्हर फाउंड दॅट द ब्रेक्स हॅड फेल्ड." दोन, पहिल्या तुकड्याला स्वतःचा कर्ता द्या: "व्हाइल द ट्रक वॉज कमिंग डाउन द घाट, इट्स ब्रेक्स फेल्ड." मी नवख्यांना दुसराच सांगतो. त्यात चुकायला जागा कमी.

आता सापळे.

नोकरीच्या अर्जात: "हॅविंग कम्प्लीटेड माय बी.कॉम., युवर ॲडव्हर्टाइजमेंट इंटरेस्टेड मी." बी.कॉम. जाहिरातीने केलं. हे वाक्य अर्जाच्या पहिल्याच ओळीत असतं आणि एकमेकांच्या अर्जावरून उतरवत पुढच्या वर्षीच्या पोरांपर्यंत पोचतं. लिहा: "हॅविंग कम्प्लीटेड माय बी.कॉम., आय वुड लाइक टू अप्लाय फॉर द पोस्ट." 'बिइंग अ फार्मर्स सन, हार्ड वर्क इज इन माय ब्लड' यातही शेतकऱ्याचा मुलगा कष्ट आहेत, उमेदवार नाही.

कर्मणी प्रयोगात: "आफ्टर चेकिंग द डॉक्युमेंट्स, द लोन वॉज सँक्शन्ड." सरकारी आणि बँकेच्या पत्रांना 'वॉज सँक्शन्ड', 'वॉज अप्रूव्ह्ड' फार आवडतं. त्यात करणारा गायब असतो, त्यामुळे 'आफ्टर चेकिंग' लोंबकळतंच. "आफ्टर चेकिंग द डॉक्युमेंट्स, द मॅनेजर सँक्शन्ड द लोन." साहेबाचं नाव घालायचं नसेल तर 'द बँक' घाला.

'ईडी'ने किंवा 'बिल्ट', 'नोन' अशा क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाने सुरू होणाऱ्या तुकड्यांनाही हाच नियम. "बिल्ट इन 1929, वी क्रॉस्ड द आयर्विन ब्रिज" यात 1929 मध्ये आपणच बांधले गेलो. "स्टोअर्ड इन अंडरग्राउंड पिट्स ॲट हरिपूर, द ट्रेडर्स केप्ट द टर्मरिक सेफ" यात हरिपूरच्या पेवात हळदीऐवजी व्यापारी उतरले. लिहा: "स्टोअर्ड इन अंडरग्राउंड पिट्स ॲट हरिपूर, द टर्मरिक रिमेन्ड सेफ."

आणि एक सूट. कन्सिडरिंग, रिगार्डिंग, कन्सर्निंग, अकॉर्डिंग टू, जनरली स्पीकिंग हे 'आयएनजी'वाले असले तरी आता अव्ययासारखे रुळलेत. त्यांचा कर्ता शोधत बसू नका. नवा नियम शिकलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात यांच्यावरही लाल पेन चालवतो.

4. 'ओन्ली' कुठे बसवायचा? आधी 'च' लावून बघा

'च' ज्याला लावला त्यालाच चिकटतो, म्हणून मराठीत शंका राहत नाही. इंग्रजीत 'ओन्ली' ज्या शब्दावर जोर त्याच्या लगेच आधी बसवा. मार्केट यार्डातलं वाक्य घेऊ: "द ट्रेडर पेड द फार्मर ऑन मंडे."

"ओन्ली द ट्रेडर पेड द फार्मर ऑन मंडे." व्यापाऱ्यानेच दिले, अडत्याने नाही.

"द ट्रेडर पेड ओन्ली द फार्मर ऑन मंडे." शेतकऱ्यालाच दिले, हमाल आणि तोलाईवाला राहिले.

"द ट्रेडर पेड द फार्मर ओन्ली ऑन मंडे." सोमवारीच दिले, त्याआधी नाही.

मराठी वाक्यात 'च' कुठे पडला ते पाहा, त्या शब्दाआधी 'ओन्ली' टाका, झालं. गडबड होते ती 'च' मागून चिकटतो आणि 'ओन्ली' पुढे बसतो म्हणून. "ही केम टुडे ओन्ली" हे आपलं 'आजच' जसंच्या तसं उतरवलेलं आहे. इथे सगळ्यांना कळतं, बाहेरच्या गिऱ्हाइकाला विचित्र वाटतं. 'लेडीज ओन्ली'सारख्या पाट्या वेगळ्या, त्या तशाच लिहितात.

इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते बोलताना सर्रास 'ओन्ली' क्रियापदाआधी टाकतात आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतात. कागदावर आवाज नसतो. म्हणून बोलण्यात सोडून द्या, करारात आणि परीक्षेत सोडू नका.

ऑलमोस्ट, नीअरली, जस्ट, ईव्हन यांचंही हेच. "आय ऑलमोस्ट लॉस्ट ऑल द मनी" म्हणजे जाता जाता वाचले. "आय लॉस्ट ऑलमोस्ट ऑल द मनी" म्हणजे गेलेच. विम्याच्या अर्जात या दोघांमधलं अंतर पूर्ण रकमेचं आहे.

'ऑल' आणि 'नॉट' एकत्र आले तर विशेष जपा. "ऑल द बॉक्सेस वेअर नॉट डॅमेज्ड" याचा अर्थ एकही खराब झाला नाही असाही निघतो आणि काही खराब झाले, काही नाही असाही. काही झाले असतील तर 'नॉट ऑल', एकही झाला नसेल तर 'नन ऑफ'. तिसरा पर्याय ठेवू नका.

5. 'विच' आणि 'हू' नामाला लगटून

"ही सोल्ड द बफेलो टू अ मॅन फ्रॉम कराड दॅट गिव्ज टेन लिटर्स." मराठीत 'जी... ती' आहे, त्यामुळे म्हैसच दूध देते. इंग्रजीत 'दॅट'ला लिंग नाही, तो शेजाऱ्याला चिकटतो, आणि शेजारी कराडकर. "द बफेलो दॅट गिव्ज टेन लिटर्स वॉज सोल्ड टू अ मॅन फ्रॉम कराड."

दोन क्रियापदांच्या मधोमध बसलेलं क्रियाविशेषणही तपासा. "वर्कर्स हू चेक द स्केल ऑफन फाइंड एरर्स." वारंवार तपासतात, की वारंवार चुका सापडतात? याला स्क्विंटिंग मॉडिफायर म्हणतात, दोन्हीकडे बघणारा. 'ऑफन' 'चेक'च्या आधी न्या किंवा 'एरर्स'च्या नंतर.

6. आता दुसरं पेन: प्रत्येक सर्वनामाला गोल

गोल केलेल्या प्रत्येक सर्वनामापासून मागे बाण काढा. बाण एकाच नामावर पोचला पाहिजे. दोन नामांवर पोचू शकत असेल किंवा कुठेच पोचत नसेल तर सर्वनाम खोडा आणि नाम लिहा. शाळेत निबंधाला 'तोच शब्द पुन्हा पुन्हा नको' असं शिकवलेलं असतं. व्यवहाराच्या इंग्रजीत ते विसरा. नाम दोनदा आलं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं नाही.

इट. "पिशवी खोक्यात ठेवली, पण ती फाटली." "पिशवी खोक्यात ठेवली, पण ते फाटलं." क्रियापद आणि सर्वनाम दोघेही सांगतात काय फाटलं ते. इंग्रजीत दोन्हीला एकच: "आय पुट द बॅग इन द बॉक्स, बट इट टोअर." लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'ती' असते, म्हणून त्याला शंका येत नाही. शंका येते ती वाचणाऱ्याला. "बट द बॅग टोअर" लिहा आणि मोकळे व्हा. निर्जीव वस्तूंची गर्दी असलेल्या कागदात, म्हणजे दुरुस्तीचा अहवाल, मालाची तक्रार, यंत्राची माहितीपुस्तिका, 'इट' जितका कमी तितका बरा.

ही आणि हिज. "संजयने विजयला आपल्या गाडीतून घरी सोडलं." गाडी संजयची. 'त्याच्या गाडीतून' म्हटलं असतं तर विजयची किंवा तिसऱ्याची. 'आपला' हा शब्द इंग्रजीकडे नाही. "संजय ड्रॉप्ड विजय होम इन हिज कार." गाडी कुणाची, सांगता येणार नाही. अपघात झाला असेल तर हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. "इन संजय्ज कार" लिहा.

याहून अवघड भानगड 'की'ची. मराठीत आपण म्हणतो, "सर्व्हेअर मॅनेजरला म्हणाला, की फोटो मी काढतो" किंवा "की फोटो तुम्ही काढा." 'की'नंतर बोलणाऱ्याचे 'मी' आणि 'तुम्ही' जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत 'दॅट' आला की 'मी'चाही 'ही' होतो आणि 'तुम्ही'चाही 'ही' होतो. "द सर्व्हेअर टोल्ड द मॅनेजर दॅट ही हॅड टू टेक द फोटोज." जबाबदारी कुणाची, ते वाक्यातून पुसलं गेलं. अशा ठिकाणी अवतरणचिन्हात मूळ बोलणं द्या किंवा नाम घाला. डायरेक्ट-इनडायरेक्टचे तक्ते पाठ करणाऱ्या मुलांना मी हे वेगळं करून घ्यायला लावतो, कारण तक्त्यात सगळं बरोबर असूनही वाक्य संदिग्ध निघतं.

दे. "कलेक्टर साहेब आले. त्यांनी पाहणी केली." याचं 'दे इन्स्पेक्टेड' करू नका, वाचणारा विचारेल, बाकीचे कोण होते? आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नाही. दुसरीकडे, माणूस स्त्री की पुरुष हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तर एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं इंग्रजीत जुनंच आहे, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2019 मध्ये आपल्या लेखनशैलीत त्याला मान्यताही दिली. "ईच ॲप्लिकंट शुड ब्रिंग देअर डॉक्युमेंट्स" आज चालतं. परीक्षेच्या जुन्या उत्तरतालिका मात्र 'हिज ऑर हर'च मागतात, तिथे वाद घालू नका.

कायद्याच्या कागदात 'ही' दिसला की तो पुरुषापुरता समजू नका. 1860 च्या दंडसंहितेचं 8 वं कलम आणि 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं 13 वं कलम यांनी पुल्लिंगात स्त्रीचा समावेश करून ठेवला होता. दंडसंहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'ही'च्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्तीही आली आहे.

वी. आमच्या धंद्यात सगळ्यात महाग पडू शकणारं सर्वनाम हेच. आम्ही आणि आपण, दोघांना इंग्रजीत एकच 'वी'. "वी हॅव टू पे द ट्रान्सपोर्ट चार्जेस" हे गिऱ्हाइकाला लिहिलं, तर भाडं आमच्याकडे, की तुम्ही-आम्ही मिळून? पैशाच्या वाक्यात 'वी' नको. कंपनीचं नाव लिहा, किंवा 'यू अँड वी टुगेदर' असं फोडून लिहा.

धिस आणि विच. "द माल वॉज वेट अँड द ट्रक वॉज लेट. धिस कॉज्ड द लॉस." मालाचा ओलेपणा, उशीर, की दोन्ही? 'धिस' एकटा कधीच सोडू नका, मागे नाम जोडा: 'धिस डिले', 'धिस मॉइश्चर'. एवढी एक सवय लागली तरी पत्र निम्मं सुधारतं. आणि हो, त्या वाक्यातला 'माल' मी मुद्दाम ठेवलाय. आपल्याकडे चालतो, बाहेर पाठवताना 'कन्साइनमेंट' करा. स्वल्पविरामानंतरचा 'विच' अख्ख्या वाक्याबद्दल असेल तर तिथे वाक्य तोडा आणि 'धिस'मागे असंच नाम जोडून लिहा.

7. एक मसुदा उलगडून

महापुरानंतर सांगलीत विम्याची जी पत्रं लिहिली जातात, त्या धाटणीचा हा नमुना, सरावासाठी केलेला:

"स्टोअर्ड इन अ गोडाउन निअर द रिव्हर, द फ्लडवॉटर डॅमेज्ड अवर टर्मरिक बॅग्ज. द सर्व्हेअर टोल्ड अवर मॅनेजर दॅट ही हॅड टू टेक द फोटोज. ऑल द बॅग्ज वेअर नॉट वेट, बट द कंपनी ओन्ली अलाउड द क्लेम फॉर द बॉटम लेअर. धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल."

पुढे वाचण्याआधी स्वतः बाण काढा.

पहिल्या वाक्यात गोडाउनमध्ये पुराचं पाणी साठवलेलं आहे. 'स्टोअर्ड'नंतर पोती यायला हवीत. दुसऱ्यात 'ही' दोघांकडे जातो, आणि फोटो नसल्यामुळे क्लेम अडला असेल तर सगळं प्रकरण त्या एका शब्दावर लटकतं. तिसऱ्यात 'ऑल... नॉट' कंपनीला आयतं हत्यार देतं: तुम्हीच लिहिलंय, एकही पोतं भिजलं नाही. 'ओन्ली' क्रियापदाला चिकटलाय, हवा होता खालच्या थराला. शेवटचा 'धिस' फोटोंबद्दल, थराबद्दल की रकमेबद्दल, देव जाणे.

आता दुरुस्त:

"अवर टर्मरिक बॅग्ज, स्टोअर्ड इन अ गोडाउन निअर द रिव्हर, वेअर डॅमेज्ड बाय द फ्लडवॉटर. द सर्व्हेअर टोल्ड अवर मॅनेजर, 'आय विल टेक द फोटोज.' नॉट ऑल द बॅग्ज वेअर वेट, बट द डॅमेज वॉज नॉट लिमिटेड टू द बॉटम लेअर. द कंपनी अलाउड द क्लेम ओन्ली फॉर द बॉटम लेअर. वी डू नॉट ॲक्सेप्ट धिस असेसमेंट."

तिसरं वाक्य फोडून दोन केली, कारण त्यात दोन मुद्दे कोंबले होते. फोटोंबद्दल सर्व्हेअर खरंच काय म्हणाला, हे मॅनेजरला विचारूनच अवतरणात घालायचं. व्याकरणाने पुरावा तयार होत नाही. शेवटचा 'वी' इथे चालतो, कारण नकार एकाच बाजूचा आहे.

मग प्रकरण ठाऊक नसलेल्या वाचकाला द्या आणि 'समजलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. फोटो कोण काढणार होतं, किती पोती भिजली, असे प्रश्न विचारा. उत्तर देताना तो पुन्हा कागदात बघू लागला, तर तेवढं वाक्य परत घ्या.

8. परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

बँकिंग किंवा स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात बाण काढायला वेळ नसतो. तिथे क्रम असा: वाक्य 'आयएनजी', 'ईडी', 'टू' किंवा 'ॲज अ'ने सुरू होतंय का? असेल तर थेट स्वल्पविरामावर उडी मारा आणि पुढचं पहिलं नाम बघा. "नोन फॉर इट्स कलर, द जीआय टॅग वॉज गिव्हन टू सांगली टर्मरिक इन 2018." रंगासाठी प्रसिद्ध हळद आहे, टॅग नाही, चूक सापडली, बाकी वाक्य वाचायचीही गरज नाही. तसं काही नसेल तर 'ओन्ली' शोधा, मग सर्वनामं. एकवचनी नामाला बहुवचनी सर्वनाम लावलंय का, एवढंच बहुतेक प्रश्नांत विचारलेलं असतं.

वाक्यसुधारणेच्या प्रश्नात चार पर्यायांपैकी दोन बहुधा व्याकरणाने शुद्ध दिसतात आणि फरक फक्त तुकड्याच्या जागेचा असतो. दोन्हींचं मनातल्या मनात मराठी करा, 'मधून' लागतं की 'मधलं' ते बघा, आणि मग खूण करा. 'नो एरर' हा पर्याय शेवटी ठेवा, पण घाबरून टाळू नका. 'कन्सिडरिंग'ने सुरू होणारं शुद्ध वाक्य देऊन त्यातच अडकवणारे पेपर काढणारे असतात.